जुन्या इंजिनाची ऑइल गळती: गिअरबॉक्स उतरवायच्या आधी वरून खाली बघत या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की २२ वर्षं जुनी पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, टायमिंग बेल्टवालं इंजिन, १ लाख ८० हजार किलोमीटर झालेत. रात्रभर उभी राहिली की इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्याच्या बरोबर खाली चार-पाच थेंब पडलेले असतात, हजार किलोमीटरमागे अर्धा लिटर ऑइल घालावं लागतं, आणि गाडी चालवून थांबलं की बॉनेटमधून जळका वास येतो. मेकॅनिकने खालून टॉर्च मारून बघितलं आणि सांगितलं, मागचं क्रँक सील, म्हणजे क्रँकशाफ्ट इंजिनातून मागे बाहेर येतो तिथे ऑइल अडवणारी कडी, गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तर उतरवायचा का?

लगेच नको. सील गेलेलं असू शकतं, मी नाही म्हणत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात एक गोष्ट त्या निदानाशी जुळत नाही, ती म्हणजे जळका वास. मागच्या क्रँक सीलमधून आलेलं ऑइल फ्लायव्हीलच्या मागे बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या घंटेसारख्या तोंडात, उतरतं आणि तिथून सरळ खाली ठिबकतं, ते सहसा गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपवर) जात नाही. बॉनेटमधून जळका वास येतो म्हणजे ऑइल वरून कुठून तरी मॅनिफोल्डवर पडतंय, आणि मॅनिफोल्डच्या वर काय असतं तर टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं सगळ्यात वरचं झाकण. म्हणजे निदान एक गळती तरी वर आहे हे धरून चाला. ती वरची गळतीच ब्लॉकच्या मागच्या अंगाने ओघळत येऊन बेल हाउसिंगच्या जोडावरून ठिबकत असेल, तर गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी होईल.

हे एवढं ठासून सांगतोय कारण मी स्वतः हे केलेलं आहे. कामाला लागून दोनेक वर्षं झाली असतील, एका गाडीचा असाच ठिबका बेल हाउसिंगच्या खाली, मी गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, सगळं परत चढवलं, आणि तिसऱ्या दिवशी गाडी परत आली, ठिबका तिथेच. मग इंजिन धुतलं आणि बघितलं तर ब्लॉकला मागच्या बाजूला जो ऑइल प्रेशर स्विच असतो ना, त्याच्या प्लास्टिकमधून, जिथे वायर लागते तिथून, ऑइल झिरपत होतं. अर्ध्या तासाचं काम होतं आणि मी त्या माणसाची गाडी चार दिवस अडकवून ठेवली. तेव्हापासून इंजिन धुतल्याशिवाय गळतीचं निदान मी सांगतच नाही.

ऑइल दोन गोष्टींनी फसवतं. एक म्हणजे ते खाली ओघळतं, आणि दुसरी म्हणजे गाडी पळताना खालून जी हवा येते ती त्याला मागे ढकलते. त्यामुळे गळती पुढे टायमिंग कव्हरपाशी असली तरी सगळा चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) आणि गिअरबॉक्सचा पुढचा भाग ओला दिसतो, आणि खालून बघणाऱ्याला सगळीकडूनच गळतंय असं वाटतं. म्हणून ओलं सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे कुठे आहे ते शोधायचं, त्याच्या खालचं आणि मागचं जे काही ओलं आहे ते सध्या हिशोबात धरायचंच नाही.

आधी धुवा. इंजिन थंड असताना डिग्रीझर मारा, दहा मिनिटं भिजू द्या, ब्रशने घासा, खास करून टॅपेट कव्हरच्या कडा, हेडची मागची बाजू, फिल्टरच्या आजूबाजूला, क्रँक पुलीच्या मागे आणि चेंबरच्या कडेने. अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर किंवा कॉइल, हवेचा पाइप हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीने झाका, पाणी हळू मारा, जोराच्या प्रेशरने मारलं तर कनेक्टरमध्ये पाणी जाऊन नवीन दुखणं मागे लागतं. पेट्रोलने इंजिन धुवायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी, एक ठिणगी पुरते. नंतर हवा मारून किंवा फडक्याने पूर्ण कोरडं करा. हे कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात, पण याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

मग गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, आणि लगेच टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन वरून खाली बघत या. तेलकट भाग नव्याने चमकायला लागलेला दिसतो. काही नाही दिसलं तर परत शंभरेक किलोमीटर चालवून बघा, काही गळत्या फक्त गरम-थंड होताना उघडतात. आणि खाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर अजिबात जाऊ नका, गाडी सपाट जमिनीवर, मागच्या चाकांना अडण आणि खाली स्टँड, मगच.

नुसत्या डोळ्यांनी सापडत नसेल तर दोन उपाय आहेत. कोरड्या केलेल्या भागावर टाल्कम पावडर हलकीशी फुंकायची, ऑइल जिथून येतं तिथे पावडरवर काळी रेघ उमटते, आणि रेघेचं वरचं टोक म्हणजे तुमची गळती. दुसरा उपाय यूव्ही डाय, म्हणजे ऑइलमध्ये घालायचा रंग, बाटलीवर लिहिलंय तेवढाच घालायचा, गाडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायचा, ऑइल पिवळट हिरवं चमकतं. तुमच्या केसमध्ये डायचा आणखी एक फायदा आहे. बेल हाउसिंगच्या खालून पडणारं ऑइल इंजिनाचं आहे की गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून आलेलं गिअर ऑइल आहे, हा वाद नेहमीचा. डाय फक्त इंजिन ऑइलमध्ये घातलाय, तर जो थेंब चमकला तो इंजिनाचा, नाही चमकला तर गिअरबॉक्सचा. वासानेही कळतं, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही.

आता तुमच्या अर्ध्या लिटरचा हिशोब करू, कारण हा हिशोब कोणी करत नाही आणि त्यातून बरंच कळतं. एक मिलिलिटर म्हणजे साधारण २० थेंब, म्हणजे अर्धा लिटर म्हणजे १० हजार थेंब. हजार किलोमीटर ताशी ४० च्या सरासरीने धरले तर २५ तास, म्हणजे १५०० मिनिटं. एवढं ऑइल नुसतं गळून जायचं असेल तर चालू गाडीतून दर मिनिटाला सहा-सात थेंब पडायला पाहिजेत. चालू असताना प्रेशर असतं, ऑइल पातळ असतं, त्यामुळे उभ्या गाडीपेक्षा जास्त गळतं हे खरं, पण मिनिटाला सहा-सात थेंब गळणाऱ्या गाडीचं पोट मागच्या बंपरपर्यंत तेलाने माखलेलं असतं. तुमचं तसं आहे का बघा. पोट तेवढं ओलं नसेल तर ऑइल जळतंयसुद्धा, आणि गळती व जळणं ही दोन वेगळी खाती आहेत, सील बदलून दुसरं खातं भरून निघणार नाही. रात्रभर उभी ठेवून सकाळी स्टार्ट करताना निळसर धूर येतो का, उतारावरून गिअरमध्ये येऊन परत अॅक्सिलरेटर दिला की येतो का, हे मागून कोणाला तरी बघायला सांगा. असं झालं तर वॉल्व्ह सील आणि पिस्टनच्या रिंग यांच्याकडे बघावं लागेल.

रिंगचा विषय निघाला म्हणून ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या आतला गॅस बाहेर काढायची वाट. जुन्या इंजिनात मी कुठलंही पॅकिंग उघडायच्या आधी हे बघतो. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये येतोच, नव्या इंजिनातही येतो, आणि तो पीसीव्ही वॉल्व्ह आणि ब्रीदरच्या पाइपमधून परत इनटेकमध्ये ओढला जातो. हा रस्ता गाळाने बुजला की आत प्रेशर साठतं, आणि ते प्रेशर सगळ्यात कमकुवत सील शोधून तिथून ऑइल बाहेर ढकलतं. अशा वेळी तुम्ही एक सील बदललं की दुसरं गळायला लागतं, ते बदललं की तिसरं. लोक म्हणतात गाडीच जुनी झाली, आणि मूळ असतं एका बोटभर वॉल्व्हमध्ये.

तपासायला सोपं आहे. गाडी गरम करून आयडलला ठेवा, ऑइल घालायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ प्लास्टिकचा किंवा कागदाचा तुकडा ठेवा. धड इंजिनात तो हलकासा आत ओढला जातो किंवा आहे तिथे पडून राहतो. तो उडत असेल, भसाभसा वाफ येत असेल, तर आत प्रेशर आहे. मग पीसीव्ही वॉल्व्ह कव्हरमधून काढून त्याच्या तोंडाला अंगठा लावा, आयडलला ओढ जाणवली पाहिजे. नाही जाणवली तर वॉल्व्ह किंवा त्याचा पाइप बंद आहे. वॉल्व्ह काढून कानाशी हलवला तर आतली पिन खुळखुळ वाजायला पाहिजे. पाइपही दाबून बघा, जुना रबर आतून सुजून भोक बंद झालेलं असतं आणि बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो. वॉल्व्ह आणि पाइप नवीन घालूनही प्रेशर तेवढंच राहिलं तर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्या, कारण मग रिंग घासलेल्या असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे नवीन सील किती दिवस टिकेल हे आधीच कळलेलं बरं.

आता वरून खाली. पहिलं टॅपेट कव्हरचं पॅकिंग, आणि माझा अंदाज तुमची निम्मी कहाणी इथेच संपेल. त्याच्या मागच्या कडेला बोट फिरवून बघा, डोळ्यांना ती बाजू दिसत नाही, फायरवॉलकडे असेल तर हात पण जेमतेम जातो, आणि म्हणूनच ती राहून जाते. बऱ्याच इंजिनांत हेडच्या टोकाला अर्धचंद्रासारखा रबराचा तुकडा किंवा गोल प्लग बसवलेला असतो, तो कडक झाला की ऑइल बरोबर हेडच्या मागून खाली बेल हाउसिंगवर उतरतं आणि दिसायला हुबेहूब मागच्या क्रँक सीलसारखं दिसतं. परवाच एका गाडीचा काढला, नखाने दाबला तर नख उमटेना, काचेसारखा झालेला, एका बाजूने चपटा आणि त्या चपट्या बाजूवर काळ्या तेलाची रेघ. बाजूला नवीन तुकडा ठेवला तर जुना जवळपास एक मिलिमीटर आखूड. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन रबर असं होतं, सैल बोल्टचा त्यात काही दोष नसतो.

आणि म्हणूनच बोल्ट अजून आवळून हे थांबत नाही. कडक झालेलं पॅकिंग आवळलं तर कव्हर वाकतं किंवा अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात. कव्हरचे बोल्ट बहुतेक ६ मिलिमीटरचे असतात, त्यांना साधारण ८ ते १० न्यूटन मीटर पुरतात, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा बघा आणि टॉर्क रेंच वापरा. काही गाड्यांत बोल्टला खांदा असतो, तो टेकला की पुढे आवळून काहीच होत नाही, दाब बोल्टखालच्या रबरी वॉशरमुळे येतो, तर ते वॉशर पण पॅकिंगबरोबर नवीन घाला. स्पार्क प्लगच्या नळीचे सील पण त्याच वेळी, ते गेले की प्लगच्या खड्ड्यात ऑइल भरतं आणि गाडी मिस मारायला लागते.

बसवताना घाई स्वच्छतेत होते. कव्हरची खाच कोरून साफ करा, हेडची कड प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि शेवटी ब्रेक क्लीनरच्या फडक्याने पुसा. ड्रिलला लावायची पॉलिशची चकती इथे फिरवू नका, तिची पूड ऑइलमध्ये जाते आणि बेअरिंग खाते. सिलिकॉन लावायचं ते फक्त कोपऱ्यात, जिथे कॅमची कॅप हेडला भेटते आणि जिथे अर्धचंद्र बसतो, वाटाण्याएवढं. रबराच्या पॅकिंगला पूर्ण सिलिकॉन फासायची सवय वाईट आहे, पॅकिंग घसरतं, आणि जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला सुटून चेंबरमध्ये पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. एका इंजिनाची जाळी मी अशी निम्मी बुजलेली बघितलीय, गळती थांबली होती आणि ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागायला लागला होता.

टॅपेट कव्हर कोरडं निघालं तर खाली उतरत या. डिस्ट्रिब्युटर असेल तर त्याची ओ-रिंग, काढायच्या आधी त्याच्यावर आणि हेडवर खूण करा म्हणजे टायमिंग हलणार नाही. ऑइल फिल्टर, इथे एक गोष्ट नेहमी होते, जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहतं आणि नवीन फिल्टर त्याच्यावरच चढवला जातो, दोन रबर एकावर एक, थोडे दिवस चालतं आणि मग घळाघळा. फिल्टर काढला की बैठक बोटाने चाचपायचीच. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवीन.

ऑइल प्रेशर स्विच वर सांगितलाच, त्याची वायर काढा, कनेक्टरच्या आत ऑइल असेल तर स्विच गेला, दुसरं काही शोधू नका. नवीन बसवताना आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, बऱ्याच स्विचची अर्थिंग त्याच्या बॉडीतून होते, शिवाय टेपचा तुकडा ऑइलच्या वाटेत गेला तर नसती पंचाईत.

पुढची बाजू, म्हणजे कॅम सील आणि पुढचं क्रँक सील, तुमच्या गाडीत टायमिंग बेल्ट आहे म्हणून जास्त महत्त्वाची. बेल्टचं वरचं कव्हर काढून आत बघा. बेल्टला ऑइल लागलेलं असेल तर गाडी तशी चालवू नका, ऑइलने रबर सुजतं, दात सुटतात, आणि ज्या इंजिनात बेल्ट तुटल्यावर पिस्टन वॉल्व्हला धडकतो तिथे पूर्ण हेडचं काम निघतं. ऑइल लागलेला बेल्ट पुसून परत घालायचा नाही, सील, बेल्ट, टेन्शनर एकदमच बदला.

चेंबरचं पॅकिंग बहुतेक वेळा विनाकारण बदललं जातं कारण सगळं ऑइल शेवटी तिथेच येऊन लटकतं. खरंच गेलं असेल तर पत्र्याच्या चेंबरची कड सपाट जागेवर ठेवून बघा, बोल्टच्या भोकांभोवती पत्रा वर ओढलेला असतो, तो लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हातोडीने बसवून घ्या, नाहीतर नवीन पॅकिंगही तिथूनच गळेल.

हे सगळं कोरडं आहे, डाय घातलेला थेंब चमकतोय, आणि बेल हाउसिंगच्या तपासणीच्या भोकातून किंवा खालच्या पत्र्यातून ऑइल ताजं येतंय, असं असेल तर तुमचा मेकॅनिक बरोबर आहे, उतरवा गिअरबॉक्स. आणि उतरवलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग बघून घ्या, प्लेटला ऑइल लागलेलं असेल तर ती गेलीच समजा, आणि गिअरबॉक्सचं इनपुट सील पण बदला, परत एवढं सगळं कोण उतरवणार. सील काढायच्या आधी क्रँक पुढे-मागे ढकलून त्याचा खेळ डायल गेजने मोजायला सांगा, बऱ्याच इंजिनांत तो ०.०५ ते ०.३० मिलिमीटरच्या आसपास असतो, जास्त निघाला तर नवीन सीलला दोष देऊन उपयोग नाही. जुन्या सीलच्या ओठाने क्रँकवर घर केलंय का ते नख फिरवून बघा. नख अडकलं तर सील थोडं मागे-पुढे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो, किंवा वरून पातळ स्टीलचा स्लीव्ह चढवता येतो.

सील बसवताना साध्या रबरी सीलच्या ओठाला स्वच्छ ऑइल लावायचं आणि सील सगळीकडून सारखं आत जाईल असं ठोकायचं, एका बाजूने तिरकं गेलं की संपलं. पण पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं, सील असेल, ज्याचा ओठ पांढरट किंवा काळा सपाट असतो आणि आत स्प्रिंग नसते, तर ते बहुतेक वेळा पूर्ण कोरडंच बसवायचं असतं आणि त्याच्यासोबत आलेला प्लास्टिकचा स्लीव्ह शेवटच्या क्षणापर्यंत काढायचा नाही. चांगली हात बसलेली माणसं पण सवयीने याला ऑइल लावतात आणि मग सीलच खराब आलं म्हणतात. पाकिटातला कागद वाचायला लावा.

गळती थांबवणाऱ्या बाटल्यांबद्दल पण विचारलंय तुम्ही. त्या रबराला थोडं फुगवून मऊ करतात, त्यामुळे कडक झालेल्या सीलमधला बारीक पाझर काही महिने कमी होऊ शकतो, हे खरं आहे. फाटलेलं पॅकिंग, घासलेला क्रँक, बंद ब्रीदर यातलं काही त्याने सुधारत नाही. गाडी विकेपर्यंत ढकलायची असेल तर तुमची मर्जी, ठेवायची असेल तर मी नाही घालणार.

आणि प्रत्येक ओलं बदलायलाच पाहिजे असंही नाही. जुन्या इंजिनावर जोडापाशी धूळ चिकटलेला ओलसर पट्टा असतो, थेंब होत नाही, महिनाभर तसाच राहतो, त्याला मी हात लावत नाही. पण मॅनिफोल्डवर पडणारं, बेल्टवर जाणारं आणि क्लचपर्यंत पोचणारं ऑइल, या तिघांना थांबवायला वेळ लावू नका. तुमचा जळका वास पहिल्या प्रकारातला आहे, त्यात आग लागायची भीती असते, म्हणून बाकी काही ठरायच्या आधी टॅपेट कव्हर याच आठवड्यात बघा. तोपर्यंत डिपस्टिक दर दोन-तीन दिवसांनी, गाडी सपाट जागेवर, बंद करून दहा मिनिटांनी, आणि भरताना वरच्या खुणेच्या वर ऑइल नेऊ नका.

टॅपेट कव्हर आणि पीसीव्ही झालं की परत एकदा इंजिन धुवा, २०० किलोमीटर चालवा, आणि रात्री खाली मोठा पुठ्ठा अंथरून त्यावर पुढच्या चाकांच्या खुणा करून ठेवा, म्हणजे सकाळी थेंब कुठल्या भागाखाली पडलाय ते नेमकं मोजता येईल. पुठ्ठा कोरडा राहिला तर गिअरबॉक्सचं काम रद्द, आणि बेल हाउसिंगच्या खाली परत डाग आलाच तर डायचा थेंब मेकॅनिकला दाखवून मगच बोल्ट सोडायला सांगा.